मुंबईतील घरगुती पाणी व सांडपाणी

मुंबईतील घरगुती पाणी व सांडपाणी : मुंबई शहरातील कुटुंबांना पिण्याचे व वापराचे पाणी पुरविणाऱ्या आणि वापरलेले पाणी व मैला वाहून नेणाऱ्या व्यवस्थांचा इतिहास. नळाला पाणी ठराविक वेळीच का येते, ते न उकळता पिण्याजोगे असते काय, रस्त्यातील नळापासून घरापर्यंतच्या नळाची दुरुस्ती कोणी करावयाची, बिलात पाण्याखेरीज आणखी एक आकार का असतो आणि मोरीतून गेलेले पाणी अखेरीस जाते कोठे, हे प्रश्न शहरातील बहुतेक बिऱ्हाडांत आजही विचारले जातात. त्यांची उत्तरे तांत्रिक वाटली, तरी त्यांपैकी बहुतेकांची मुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घेतलेल्या, लांबणीवर टाकलेल्या किंवा अर्धवट सोडलेल्या निर्णयांत सापडतात.

तलाव व विहिरी : सात बेटांच्या या नगरीस नदी नव्हती. चहूबाजूंनी खारे पाणी असल्याने उथळ विहिरींचे पाणी मचूळ होत असे आणि उन्हाळ्यात त्या आटत. चांगल्या पाण्याची विहीर हे यामुळेच एक वैभव मानले जाई. १७२५ मध्ये बांधली गेलेली, चर्चगेटजवळील भिकाजी बेहराम यांची विहीर समुद्राच्या सान्निध्यात असूनही गोड्या पाण्याची निघाली व पुढे पारशी समाजाचे श्रद्धास्थान बनली. पावसाचे पाणी साठविणारे तलाव शहरात जागोजागी होते आणि ते बहुधा धनिकांनी लोकोपयोगी दानधर्म म्हणून बांधलेले असत. धोबीतलाव, गोवालिया टँक, बाबुला टँक, दो टाकी ही नावे आज केवळ पत्त्यांत उरली आहेत. ज्या पाण्यावरून ती पडली, ते बुजविले गेले. गोवालिया टँकचे मैदान १९४२ च्या ‘छोडो भारत’ ठरावामुळे इतिहासात गेले, त्याच्या नावातील तलाव मात्र विस्मरणात गेला.

या तलावांतून कपडे धुतले जात, गुरे पाणी पीत आणि पिण्याचे पाणीही तेथूनच भरले जाई. घराघरांत पाणी पोहोचविण्याचे काम घरातील स्त्रिया, पाणके व कातडी पखाली वाहणारे भिस्ती करीत. पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालण्याच्या रीतीमुळे नारूचा प्रादुर्भाव होई. खाजगी विहिरींवर मालकाची मर्जी चाले, सार्वजनिक तलावांवर जातीची. कोणी कोणत्या घाटावर पाणी भरावे, याचे नियम लिहिलेले नसले, तरी ते सर्वांना ठाऊक होते.

विहार योजना : पाण्यासाठी १८४५ मध्ये शहरातील नागरिकांनी चळवळ केली, तेव्हा सरकारने चौकशीसाठी समिती नेमली. विहिरी व तलाव वाढवावेत की दूरच्या डोंगरांतून नळाने पाणी आणावे, हा वाद त्यानंतर दहा वर्षे चालला. दुसरा पर्याय खर्चिक होता आणि त्यासाठी कर द्यावा लागेल, हे शहरातील घरमालकांनी बरोबर ओळखले होते. वाद मिटविला तो दुष्काळाने. १८५६ च्या टंचाईत गुरे शहराबाहेर हलवावी लागली आणि साष्टीहून पाणी होड्यांनी व रेल्वेने आणावे लागले. मुंबई-ठाणे रेल्वे सुरू होऊन त्या वेळी जेमतेम तीन वर्षे झाली होती. पाण्याची गाडी ही कल्पना आज लातूरच्या २०१६ मधील टंचाईमुळे लोकांच्या स्मरणात आहे. पण महाराष्ट्रातील तिचा पहिला प्रयोग मुंबईने स्वतःवरच केला होता.

हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार मिठी नदीच्या उगमाकडील खोऱ्यात मातीचे तीन बांध घालून विहार तलाव तयार करण्यात आला. १८५६ मध्ये सुरू झालेले हे काम १८६० मध्ये पूर्ण झाले व ३२ इंची बिडाच्या नळातून शहरास दररोज सु. ३२ दशलक्ष लिटर (यापुढे द. ल. लि.) पाणी मिळू लागले. भारतातील नगरपालिकीय नळ-पाणीपुरवठ्याचा हा आरंभ मानला जातो. १८६४ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. म्हणजे गळती जमेस न धरताही माणशी दिवसाला चाळीस लिटरांपेक्षा कमी पाणी वाट्यास येत होते. हा आकडा पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

काम सरकारने केले, पण कर्ज फेडायचे नगरपालिकेने, अशी ही व्यवस्था होती. त्यावरून दोघांत दीर्घकाळ वाद झाला. सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने मोठा बदल होता तो असा, की पूर्वी दानात किंवा ओळखीवर मिळणारे पाणी आता कराच्या मोबदल्यात मिळू लागले. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने घरपट्टीचे भाग पाडले. त्यांत पाणीपट्टी होती आणि मैला उचलण्यासाठी ‘हलालखोर कर’ या नावाचा एक वेगळा कर होता. पाणीबिलात पाण्याच्या आकाराच्या काही टक्के इतका मलनिःसारण आकार आज जोडलेला असतो, त्याचा पूर्वज हाच कर होय. आत आलेले पाणी बाहेरही न्यावे लागते आणि त्याचा खर्च निराळा असतो, हे तत्त्व कायद्यात आले. ज्यांच्या डोक्यावरून तो मैला जात होता, त्यांचे नाव करास देऊन.

दानाची परंपरा लगेच संपली नाही. भात बाजारातील केशवजी नाईक यांचे कारंजे (१८७६) ही नळाच्या पाण्यावर चालणारी पाणपोईच होती. जुने पुण्य नव्या नळाला जोडून घेण्याचा हा प्रकार मुंबईच्या स्वभावाला धरूनच म्हणावा लागेल.

तानसापर्यंत : विहारचे पाणी अपुरे पडणार, हे पहिल्या दशकातच दिसून आले. बांधांची उंची वाढवून १८७२ मध्ये पुरवठा ६८ द. ल. लि. करण्यात आला, १८७९ मध्ये तुळशी तलावाने त्यात १८ द. ल. लि. ची भर घातली. १८९० च्या सुमारास निकडीचा उपाय म्हणून बांधलेल्या पवई तलावाचे पाणी पिण्यास योग्य ठरले नाही व तो लवकरच पिण्याच्या पुरवठ्यातून वगळला गेला. खरा फरक पडला तो तानसामुळे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर परिसरात बांधलेल्या, जवळजवळ तीन किमी. लांबीच्या या दगडी धरणाचे उद्‌घाटन १८९२ मध्ये झाले. पहिल्या टप्प्यात ७७ द. ल. लि. पाणी वाढले आणि शहराचा एकूण पुरवठा साठ-एक वर्षांपूर्वी कोणाच्या कल्पनेतही नसलेल्या १६३ द. ल. लि.वर गेला. १९१५, १९२५ व १९४८ मधील टप्प्यांनंतर तो ४९४ द. ल. लि. झाला.

गटारांचा प्रश्न : पाणी आणण्याची घाई झाली, नेण्याची झाली नाही. आरोग्याधिकारी लीथ यांनी १८६४ मध्ये शहराच्या आरोग्यविषयक स्थितीवर अहवाल लिहिला, तेव्हा सांडपाणी उघड्या नाल्यांतून व घरांमधील अरुंद घाणगल्ल्यांतून वाहत होते आणि त्याचा बराचसा भाग वाटेतच जमिनीत मुरत होता. मुख्य गटार शहराच्या मध्यातून वरळीकडे जाई. परंतु तेथील जमीन भरतीच्या पातळीच्या आसपास असल्याने भरतीच्या वेळी पाणी समुद्रात जाण्याऐवजी मागे तुंबे. यावर उपाय म्हणून १८८० च्या दशकात वरळीजवळ लव्हग्रोव्ह येथे वाफेच्या पंपांनी मैलापाणी उपसून समुद्रात सोडण्याची सोय करण्यात आली. भूमिगत गटारे मात्र हप्त्याहप्त्याने, एकेका भागात होत गेली. १८९० मध्ये बॉल्डविन लॅथम या इंग्रज तज्ञाकडून पुन्हा अहवाल घेण्यात आला. अहवालांची संख्या आणि गटारांची लांबी यांचे प्रमाण त्या काळात व्यस्तच राहिले.

गटार नसलेल्या भागात, म्हणजे बहुसंख्य चाळींत, टोपल्यांचे संडास होते. हलालखोर म्हणून नेमलेले अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातींतील स्त्री-पुरुष पहाटे मागच्या गल्लीतून येऊन मैला उचलीत व डोक्यावरून गाड्यांपर्यंत नेत. घराची रचनाच अशी असे, की घरातील माणसांना ते दिसू नयेत. मागची गल्ली हा स्वच्छतेच्या वास्तुशास्त्राइतकाच जातिव्यवस्थेचाही भाग होता.

तानसाचे पाणी आल्यावर घराघरांत मोऱ्या वाहू लागल्या, पण मोरीखालचे गटार होतेच असे नाही. चार वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांना मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताचे रुग्ण आढळले. भरपूर पाणी आणि अपुरा निचरा यांमुळे जमीन ओली राहिली व त्यातून रोग उद्‌भवला, असे मत त्या वेळी मांडले गेले. नगरपालिकेनेही प्रथम गटारांकडेच मोर्चा वळविला. खारे पाणी व कार्बॉलिक आम्ल यांनी ती धुऊन काढण्याचा सपाटा लावला. रोगाचा संबंध उंदीर व पिसवा यांच्याशी आहे, असे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखविले आणि पुढील दशकात मुंबईतच झालेल्या संशोधनाने त्याची खात्री पटली. गटारे धुण्याने प्लेग थांबणार नव्हता. तरीही ओल, अंधार आणि दाटी यांविरुद्ध त्या भीतीपोटी जे काम सुरू झाले, १८९८ मध्ये स्थापन झालेल्या नगरसुधारणा विश्वस्त मंडळाचे धरून, ते त्याआधीच्या तीस वर्षांत आकडेवारीने होऊ शकले नव्हते.

विहिरींचा शेवट : १९११ मध्ये चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाची पाहणी केली. रोगवाहक ॲनॉफिलीस डास शहरात प्रामुख्याने विहिरींतच वाढतात, असे तीतून निष्पन्न झाले. विहिरी बुजवाव्यात किंवा हवाबंद झाकाव्यात, असा आदेश निघू लागताच पारशी, हिंदू व जैन समाजांतून विरोध झाला. कारण काही धार्मिक विधींना नळाचे पाणी चालत नव्हते, जमिनीतून आलेले व सूर्यप्रकाश पाहिलेले पाणी हवे होते. अखेरीस झाकणाला जाळीची खिडकी ठेवून विधीपुरते पाणी काढण्याची मुभा देण्यात आली. या तडजोडीने आरोग्य खाते आणि धर्म दोघांचेही समाधान झाले. परंतु शहराच्या हातचा पाण्याचा दुसरा स्रोत त्यानंतर हळूहळू नाहीसा झाला व मुंबई पूर्णपणे दूरच्या धरणांवर विसंबून राहिली. ज्या विहिरी टिकल्या, त्यांतील अनेक पुढे टँकरव्यवसायाचा आधार बनल्या. एप्रिल २०२५ मध्ये भूजलाच्या परवान्यांवरून टँकरचालकांनी पुरवठा बंद ठेवला, तेव्हा शहर या विस्मृत पाण्यावर किती अवलंबून आहे, हे काही दिवस दिसून आले.

नळाने जातिभेदाचे काय केले, याचे उत्तर सरळ नाही. पाणी एकाच नळातून सर्वांकडे येऊ लागले, तेव्हा स्पर्शाचा नियम तत्त्वतः निरर्थक झाला. व्यवहारात तो तोटीपाशी येऊन थांबला. कित्येक ठिकाणी अस्पृश्यांचा नळ वेगळा असे. सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात मांडलेल्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्यात आले. तो अमलात येत नाही म्हणून मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. महाडला जमलेल्यांत मुंबईच्या चाळींतून आलेले कामगारही होते. पाण्याच्या रांगेचा अर्थ त्यांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नव्हती.

विसाव्या शतकातील वाढ : स्वातंत्र्यानंतर वैतरणा नदीवर धरण बांधण्यात आले. ते नगर अभियंता ना. वि. मोडक यांच्या नावाने मोडकसागर म्हणून ओळखले जाते. त्यानंतर ऊर्ध्व वैतरणा (१९७३), भातसा (१९८१ पासून टप्प्याटप्प्याने) व मध्य वैतरणा (२०१४) यांची भर पडली. या सात तलावांतून मुंबईस आज दररोज ३,८०० द. ल. लि.हून अधिक पाणी मिळते. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १,२४,४२,३७३ होती. धरणे ज्या शहापूर तालुक्यात वा त्याच्या आसपास आहेत, तेथील अनेक गावपाड्यांत उन्हाळ्यात टँकर लागतात आणि आदिवासी स्त्रिया डोक्यावर हंडे घेऊन मुंबईला जाणाऱ्या प्रचंड नळांच्या बाजूने चालत जातात.

पाणी शुद्ध असते काय, या प्रश्नाचे उत्तर १९८० च्या सुमारास बदलले. तोपर्यंत पुरवठ्याचा मोठा भाग केवळ क्लोरीन मिसळून दिला जाई. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येई आणि तोटीला फडके बांधणे हा घरोघरचा शिरस्ता होता. भांडुप येथील संकुलात (मूळ क्षमता दररोज १,९१० द. ल. लि.) तुरटीने गाळ खाली बसवून, वाळूच्या थरांतून गाळून व क्लोरीन देऊन पाणी शहराकडे सोडले जाऊ लागले. तेथून निघालेले पाणी पिण्यास योग्य असते. ते घरी पोहोचेपर्यंत बिघडू शकते, याचे कारण दुसऱ्या एका नेहमीच्या प्रश्नात आहे : पाणी ठराविक वेळीच का येते?

शहर अनेक पुरवठा-विभागांत वाटलेले असून टेकड्यांवरील जलाशयांतून प्रत्येक विभागास पाळीपाळीने पाणी सोडले जाते. त्यासाठी झडपा उघडण्याचे व मिटण्याचे काम करणाऱ्या कर्मचाऱ्यास लोक ‘चावीवाला’ म्हणतात. आपल्या गल्लीतील दिवस केव्हा सुरू व्हावा, हे तोच ठरवितो, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. पाळी संपली, की नळातील दाब उतरतो. अशा वेळी नळाला भेग असेल व शेजारून गटार जात असेल, तर बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. पाणी आल्यानंतरची पहिली काही मिनिटे ते सोडून द्यावे आणि पावसाळ्यात उकळून प्यावे, हा सल्ला याच कारणास्तव दिला जातो. तो भांडुपच्या गाळणीवरील अविश्वास नव्हे. रस्त्यातील मुख्य नळ महानगरपालिकेचा असतो, पण त्यापासून इमारतीपर्यंतची जोडणी ग्राहकाची असते आणि तिची देखभालही त्यानेच करावयाची असते. गंजलेल्या आणि नाल्यातून नेलेल्या या बारीक नळांतच दूषित पाण्याच्या बहुसंख्य तक्रारींचे मूळ असते. इमारतीच्या तळटाकी व गच्चीवरील टाकी यांची साफसफाईही सोसायटीकडेच येते. गृहस्थाला चोवीस तास पाणी मिळाल्याचा भास होतो तो या टाक्यांमुळे. टाकी नसलेल्याला पाण्याचे वेळापत्रक जसेच्या तसे सोसावे लागते.

झोपडपट्ट्यांचा प्रश्न याच ठिकाणी सुरू होतो. १९७६ च्या झोपडपट्टी-गणनेपासून पाण्याची जोडणी ही वास्तव्याच्या पुराव्याशी व एका ठराविक तारखेशी बांधली गेली. काही बिऱ्हाडांच्या गटाने अर्ज करावा, त्यातील एकाने सचिव म्हणून बिल भरावे, अशी पद्धत पडली. तारखेनंतर आलेल्यांना पाणी नाही, याचा अर्थ ते पाणी पीत नाहीत असा नसून, ते शेजाऱ्याकडून, टँकरकडून वा चोरट्या नळावरून अनेक पट दराने घेतात, असा होता. ‘पाणी हक्क समिती’च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१४ रोजी निर्णय दिला. जगण्याच्या मूलभूत हक्कात पाण्याचा हक्क येतो. घर अनधिकृत आहे म्हणून माणसाचे पाणी तोडता येत नाही. मात्र दर अधिकृत रहिवाशांपेक्षा अधिक ठेवता येईल, असा त्याचा आशय होता. महानगरपालिकेने त्यानंतर आखलेल्या धोरणात पदपथांवरील व काही सरकारी आणि खाजगी जमिनींवरील वस्त्या वगळल्या होत्या. २०२२ मध्ये ‘सर्वांसाठी पाणी’ या नावाने धोरण विस्तारण्यात आले. इमारतीत राहणाऱ्यास माणशी दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीत राहणाऱ्यास ४५ लिटर हा मापदंड मात्र योजनांमध्ये दीर्घकाळ वापरला गेला आहे. दुसरा आकडा १८६४ मधील विहारच्या वाटपाहून फारसा मोठा नाही.

सांडपाणी जाते कोठे : मलनिःसारणासाठी शहराचे कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप व घाटकोपर असे सात विभाग आहेत. मोरीतील व शौचालयातील पाणी भूमिगत वाहिन्यांतून उदंचन केंद्रांकडे जाते. पावसाचे पाणी वेगळ्या वाहिन्यांनी जावे, अशी योजना आहे. परंतु गटार नसलेल्या वस्त्यांचे सांडपाणी पर्जन्यनाल्यांतच जाते व मिठीसारख्या नदीचा नाला होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिमी. पाऊस पडला, तेव्हा हेच पाणी घरांत शिरले. रस्त्यावर तुंबलेले पाणी उतरावे म्हणून मॅनहोलची झाकणे उघडण्याची जुनी सवय किती घातक आहे, हे २९ ऑगस्ट २०१७ रोजी एका नामवंत डॉक्टरांच्या मृत्यूने दिसले. त्यानंतर झाकणांखाली संरक्षक जाळ्या बसविण्याचे काम हाती घेण्यात आले.

या वाहिन्यांत उतरणाऱ्या कामगारांचे मृत्यू बातमीत येतात तेही बहुधा एका ओळीपुरते. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ व २०१३ मध्ये कायदे झाले. गटारातील मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला व २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख केली. टोपली गेली आहे. हलालखोर कराच्या काळात ज्या समाजांतून माणसे येत, प्रामुख्याने त्याच समाजांतून ती आजही येतात.

वरळी व वांद्रे येथील मैलापाणी किनाऱ्यापासून सु. साडेतीन किमी. अंतरावर समुद्रतळाखालून नेऊन सोडण्याची सोय १९९९ नंतरच्या काही वर्षांत झाली. त्यापूर्वी चाळण्यांतून कचरा व वाळू काढली जाते. उरलेले काम समुद्रावर सोपविलेले असते. कुलाब्यात २०२० मध्ये ३७ द. ल. लि. क्षमतेचे अद्ययावत प्रक्रिया केंद्र सुरू झाले. एकूण २,४६४ द. ल. लि. क्षमतेच्या सात नव्या केंद्रांची पायाभरणी १९ जानेवारी २०२३ रोजी झाली. त्यांतून शुद्ध झालेल्या पाण्याचा काही भाग पिण्याव्यतिरिक्तच्या वापरासाठी परत आणण्याचा इरादा आहे.